गुरुवारी गाडी आली नाही, तेव्हा तू पाटी बदललीस

वाचकाचं पत्र

ताई, मी बार्शी तालुक्यातली. बारावी कला शाखेतून झाले. पुण्यात जनसंवादाच्या पदवीला प्रवेश मिळालाय आणि मला जनसंपर्क हाच मुख्य विषय घ्यायचाय. वडिलांचं गावात कृषी सेवा केंद्र आहे. मामा म्हणतात, ‘पीआर म्हणजे बड्या लोकांची हांजी हांजी, खोट्याचं खरं करायचा धंदा. त्यापेक्षा डीएड कर.’ माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी बोलताना अडखळते, चारचौघांत बोलायची लाज वाटते. अनुभव म्हणाल तर काहीच नाही. गेल्या खरिपात युरियाची टंचाई होती, दुकानासमोर रोज वादावादी व्हायची, म्हणून मी बाहेर पाटी लिहून लावायचे. एकदा ‘गुरुवारी गाडी येईल’ असं लिहिलं आणि गाडी आलीच नाही. तेव्हा लोक यायच्या आत, सकाळी सहालाच जाऊन पाटी बदलली आणि दारात उभी राहून सगळ्यांना सांगितलं. तेवढंच काय ते. मी या क्षेत्रात टिकेन का? पहिल्या वर्षापासून काय करू? आणि लॅपटॉप कोणता घेऊ? कृपया नाव छापू नका.

उत्तर

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या पाटीशी थांबले. ‘अनुभव काहीच नाही’ असं लिहून लगेच पुढच्या ओळीत तू जे सांगितलंस, ते मला नोकरी लागून दीड वर्ष झाल्यावर, चांगला फटका खाल्ल्यावर कळलं.

पावसानं उघडीप दिलेली, कोळपणी झालेली, पिकाला आत्ता युरिया पडला नाही तर हंगाम हातचा जाईल अशी धास्ती घेतलेला शेतकरी दारात उभा असतो. त्याला तुझं गोड बोलणं नको असतं. माल आहे का, नसेल तर कधी येईल, आला तर किती गोण्या मिळतील, सोबत दुसरं काही माथी मारणार का, आधार कार्ड लागेल का, एवढंच त्याला हवं असतं. यातलं जे माहीत होतं ते तू पाटीवर लिहिलंस आणि चुकलं तेव्हा स्वतःहून बदललंस. पहाटे सहाला पाटी बदलायला कुणी तुला सांगितलं नव्हतं. पाटी तशीच ठेवून दहा वाजता ‘कंपनीनं पाठवली नाही, आम्ही काय करणार’ म्हणता आलं असतं. बहुतेक दुकानदार तेच म्हणतात, आणि बहुतेक मोठ्या कंपन्याही.

आता मामांचं बघू. त्यांना मी खोडून काढणार नाही, कारण त्यांनी जे पाहिलंय ते खोटं नाही. साहेबांच्या मागे फाइल घेऊन पळणारा, हारतुऱ्यांचे फोटो पेपरात येतील याची तजवीज करणारा, अडचणीचा प्रश्न आला की ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणणारा पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी, त्यांनी पाहिला असणार. मीही पाहिलाय. तुला हा व्यवसाय निवडायचा असेल तर त्याची ही बाजू आत्ताच नीट समजून घे. पहिल्या वर्षाला तुला ज्या माणसाचं नाव शिकवतील, त्याच्याच आयुष्यात दोन्ही बाजू सापडतात.

अमेरिकेतला आयव्ही ली. आधी पत्रकार होता, मग कंपन्यांसाठी काम करू लागला. १९०६ साली कोळसा खाणींच्या संपाच्या वेळी त्यानं संपादकांना एक जाहीरनामा पाठवला. त्याचा गाभा असा होता की आमचं काम उघडपणे चालेल, आम्ही देऊ ती माहिती अचूक असेल, आणि ती पडताळून पाहायची असेल तर आम्ही आनंदानं मदत करू. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली, ५०हून जास्त माणसं गेली. तोवर रेल्वे कंपन्यांची रीत एकच होती, अपघात झाला की तोंड बंद. लीनं कंपनीकडून निवेदन काढवलं आणि पत्रकारांना घटनास्थळी नेलं. प्रेस नोटचा इतिहास सांगताना बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात.

पुढचं मात्र तुला कदाचित परीक्षेपुरतंच सांगतील. २० एप्रिल १९१४ला कोलोरॅडोतल्या लडलो इथं संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वस्तीवर गोळीबार झाला, तंबू पेटवले गेले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेली ११ मुलं आणि २ बायका गुदमरून मेल्या. खाण रॉकफेलर कुटुंबाच्या ताब्यातल्या कंपनीची होती. त्यानंतर रॉकफेलरनी लीला नेमलं आणि लीनं कंपनीच्या बाजूची पत्रकं काढायला सुरुवात केली. कामगार पुढाऱ्यांच्या पगाराचे आकडे त्यांत फुगवलेले निघाले. चौकशी आयोगासमोर विचारल्यावर त्यानं कबूल केलं की ही माहिती खरी की खोटी हे आपण स्वतः तपासलं नव्हतं, कंपनीनं दिली ती छापली. आयव्ही म्हणजे एक वेल. ‘पॉयझन आयव्ही’ ही नावापुरतीच आयव्ही, अंगाला लागली की खाज सुटणारी वेगळीच वनस्पती. टीकाकारांनी लीला हेच नाव चिकटवलं आणि ते आजवर सुटलेलं नाही.

आठ वर्षांपूर्वी ‘आमची माहिती पडताळून पाहा’ म्हणणारा माणूस स्वतः पडताळायला गेला नाही. मला या गोष्टीत दुष्टपणापेक्षा हे जास्त भिववतं. कारण माझ्या हातून अगदी हेच घडलं होतं, फार लहान प्रमाणात.

मी तेव्हा एका दूध संघाच्या प्रसिद्धी विभागात होते. जुलै महिना. रात्री शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि पहाटेच्या पिशव्या शहरात गेल्या. सहा वाजल्यापासून घराघरांत दूध तापवलं की नासू लागलं. बूथवर बायका पातेली घेऊन उभ्या. मी साडेसातला ऑफिसला पोचले तेव्हा वरिष्ठ म्हणाले, ‘किरकोळ तांत्रिक बिघाड, पुरवठा सुरळीत, एवढं लिहून पाठव.’ मी लिहिलं. माझ्या खुर्चीपासून शीतगृह दोनशे पावलांवर होतं. मी उठले नाही. नऊच्या सुमारास एका वार्ताहराचा फोन आला, ‘किती पिशव्या?’ मला ठाऊक नव्हतं. ‘तसं सांगता येणार नाही, पण फारच थोड्या,’ मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझं वाक्य अवतरणचिन्हात होतं. त्याखाली एका बूथवर परत आलेल्या क्रेटचा फोटो होता, वार्ताहरानं ते स्वतः मोजले होते. पण मनाला लागलं ते वेगळंच. दुपारी स्टँडजवळचा एक चहावाला पोत्यात रिकाम्या पिशव्या भरून ऑफिसात आला. चाळीस लिटर दूध त्यानं गटारात ओतलं होतं. तो ओरडला नाही. टेबलावर पोतं ठेवून म्हणाला, ‘ताई, सकाळी कोणीतरी सांगितलं असतं तर मी दुसरीकडून घेतलं असतं.’

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा शीतगृहात गेले. रात्रपाळीचा ऑपरेटर ड्यूटीवर येत होता. त्यानं लॉगबुक उघडून दाखवलं. कॉम्प्रेसर रात्री १.४० वाजता बंद पडला, तापमान दर अर्ध्या तासाला किती होतं, कोणत्या बॅचचे क्रेट कोणत्या तीन गाड्यांत भरले, गाड्या कोणत्या भागात गेल्या, सगळं निळ्या शाईत लिहिलेलं. सुपरवायझरला कधी कळवलं तेही. साडेसातला मी ते पान बघितलं असतं तर आठ वाजता सांगता आलं असतं की अमुक बॅच नंबरची पिशवी तापवू नका, बूथवर परत द्या, बदलून मिळेल. तेवढी तीन वाक्यं. तो वार्ताहर पुढं कित्येक महिने मला फोन करायचाच नाही, थेट प्लांटवर जायचा. त्याचं बरोबरच होतं.

त्यानंतर नोकरीत असेतोवर मी रोज सकाळी आधी प्लांटवर चक्कर मारायची, मग टेबलाशी बसायची. तुला एकच गोष्ट सांगायची असेल तर हीच सांगेन: जे लिहायचंय ते आधी जाऊन बघ, ज्याला खरं माहीत आहे त्याला विचार. तो बहुधा केबिनमध्ये नसतो. रात्रपाळीला असतो, गेटवर असतो, टेलिफोन ऑपरेटर असतो, तक्रारींची वही सांभाळणारी बाई असते. तुझ्या पाटीच्या बाबतीत तू हेच केलं असणार. गाडी आली नाही हे तुला सकाळी सहाला कळलं, म्हणजे कोणीतरी ड्रायव्हरला किंवा डेपोत फोन केला होता.

जनसंपर्काचं निम्मं काम बाहेरच्यांना सांगण्याचं असतं आणि निम्मं आतल्यांना. हे दुसरं निम्मं वर्गात कमी शिकवतात. बाहेर लोक काय म्हणतायत, कशानं चिडलेत, हे मालकाच्या, संचालकाच्या, साहेबाच्या कानावर घालायचं, तेही त्यांना आवडणार नाही तेव्हा. २००३ सालची कॅडबरीची गोष्ट घे. ऑक्टोबर महिना, दिवाळी तोंडावर, आणि महाराष्ट्रात डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं नमुने ताब्यात घेतले. दुकानात माल नीट साठवला जात नाही, असं कंपनी सुरुवातीला म्हणाली. ते खरंही असेल, पण मुलाच्या हातात चॉकलेट देणाऱ्या आईला त्याचं काय? ती म्हणणार, मग वेष्टन असं का की आत किडा जातो? मग कंपनीनं ‘प्रोजेक्ट विश्वास’ हाती घेतला, दुकानदारांना साठवणुकीची माहिती दिली, आणि जानेवारी २००४मध्ये नवं, जास्त घट्ट बंद होणारं वेष्टन आणलं. अमिताभ बच्चन यांची जाहिरात त्यानंतरची. लोकांना जाहिरात आठवते. मला वेष्टन महत्त्वाचं वाटतं. वेष्टन न बदलता बच्चनना उभं केलं असतं तर ते मामांच्या भाषेत खोट्याचं खरं करणंच झालं असतं. ‘दुकानदाराचा दोष’ एवढं म्हणून भागणार नाही, वस्तूत बदल करावा लागेल, हे आत बसून सांगणारं कोणीतरी लागतं. तुला ते व्हायचंय.

आणि कधी आतले ऐकणारच नाहीत. खोटं लिही म्हणतील. त्या वेळी काय करायचं हे मी इथून सांगू शकत नाही. घरची परिस्थिती, कर्ज, नोकरी याचा हिशेब ज्याचा त्याला करावा लागतो. पण ‘मला हे माहीत नाही, तासाभरात माहिती घेऊन सांगते’ हे वाक्य तुझ्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही. ते वापर. वार्ताहराला नाही सांगायचं ते सांगू नकोस, ‘यावर आत्ता बोलता येणार नाही’ म्हण. खोटं मात्र सांगू नकोस. जिल्ह्याच्या ठिकाणी दहा-बारा वार्ताहर असतात आणि ते संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितात.

आता लिहिण्याबद्दल, कारण पहिल्या वर्षापासून काय करू असं तू विचारलंस आणि पहिलं उत्तर हेच आहे.

मी एकदा एका दैनिकाच्या डेस्कवर बसून माझीच प्रेस नोट कापली जाताना पाहिली. उपसंपादक वयस्क गृहस्थ होते. नोट होती रक्तदान शिबिराची, आणि ती अशी सुरू होत होती: ‘येथील सभागृहात अध्यक्षांच्या शुभहस्ते व मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत भव्य रक्तदान शिबिर मोठ्या उत्साहात संपन्न झाले.’ त्यांनी लाल पेनानं आधी ‘भव्य’ काढलं, मग ‘मोठ्या उत्साहात’, मग ‘शुभहस्ते’. पुढं व्यासपीठावरच्या चौदा जणांची नावं होती, त्यावर एकच तिरपी रेघ. प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार, त्यावर दुसरी. अगदी शेवटच्या परिच्छेदात मी सहज लिहिलं होतं की ११८ जणांनी रक्त दिलं आणि त्यांत पहिल्यांदाच देणाऱ्या ४० मुली होत्या. त्यांनी त्याला गोल केलं, बाण काढून वर नेलं आणि म्हणाले, ‘बातमी इथं झोपली होती.’ छापून आल्या चार ओळी. त्या चार ओळी लोकांनी वाचल्या.

म्हणून रोजचा एक सराव सांगते. कॉलेजात, गावात, गणेश मंडळात कुठलाही कार्यक्रम झाला की त्याची शंभर शब्दांत बातमी लिही. ‘संपन्न’, ‘मान्यवर’, ‘भव्य’, ‘औचित्य साधून’ हे शब्द न वापरता. कोण, काय, कुठे, कधी, किती हे पहिल्या दोन वाक्यांत. किती हा प्रश्न आपण फार विसरतो. मग ती बातमी घरातल्या एखाद्या माणसाला वाचून दाखव आणि त्याला विचार, काय झालं सांग बरं. त्याला सांगता आलं नाही तर परत लिही.

हल्ली संगणकाला सांगितलं की अर्ध्या मिनिटात प्रेस नोट तयार होते, आणि ‘उत्साहात संपन्न’ तो न चुकता लिहितो. मसुद्याला वापरायचं तर वापर. पण शीतगृहाचं लॉगबुक बघायला तुलाच जावं लागेल.

मराठी माध्यमाची खंत तू लिहिलीस. मुंबईतल्या मोठ्या पीआर एजन्सींमध्ये कामाची भाषा इंग्रजी असते, ते खरं आहे आणि इंग्रजी तुला शिकावंच लागेल. रोज इंग्रजी पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाच, तीच घटना मराठी पेपरात कशी आलीय ते बघ, आणि दोन्हींचा मथितार्थ पाच-पाच ओळींत लिहून काढ. वर्षभरात फरक पडतो. पण दुसरी बाजूही ऐक. त्या एजन्सींकडून मराठी दैनिकांना येणाऱ्या प्रेस नोट मी वर्षानुवर्षं वाचल्यात. ‘आम्ही हे घोषित करताना अत्यंत आनंदित आहोत’, ‘हे उत्पादन ग्राहकांच्या जीवनाला स्पर्श करेल’ अशी वाक्यं असतात. इंग्रजीवरून ओढून आणलेली. डेस्कवरचा माणूस ती दोन ओळी वाचून बाजूला ठेवतो. सोलापूरच्या वाचकाला काय कळेल आणि काय कळणार नाही हे सांगणारं माणूस त्यांच्याकडे अनेकदा नसतं. तू ते माणूस होऊ शकतेस, फक्त मराठी येते एवढ्यावर समाधान मानू नकोस. चांगलं, साधं, अचूक मराठी लिहिता येणं ही वेगळी कमाई आहे.

लाजण्याचं म्हणशील तर मला त्याची फारशी काळजी वाटत नाही. या व्यवसायात बोलघेवड्यांची कमी नाही. ऐकून घेणारे कमी आहेत. फोनची भीती असेल तर बोलायच्या आधी तीन मुद्दे कागदावर लिही आणि मग फोन लाव. मी अजून तेच करते. वार्ताहराला फोन करताना पहिलं वाक्य ‘दोन मिनिटं आहेत का?’ आणि संध्याकाळी उशिरा, पानं लागत असताना, डेस्कवर फोन करून ‘आमची नोट मिळाली का’ कधी विचारू नकोस. त्या वेळी ते लोक श्वास घ्यायलाही मोकळे नसतात.

पहिल्या सुट्टीत घरी आलीस की सोलापूरच्या जिल्हा माहिती कार्यालयात जाऊन ये. राज्य सरकारच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचं ते जिल्ह्यातलं ऑफिस. ‘लोकराज्य’ मासिक याच महासंचालनालयाचं. तिथं बसून बघ की मंत्र्यांच्या दौऱ्याची नोट, पीकविम्याच्या मुदतीची नोट, पुराचा इशारा हे कसं लिहिलं जातं आणि किती वेळात जातं. पूरपरिस्थितीत चुकीचा आकडा गेला तर काय होतं हे तिथल्या लोकांना विचार, ते सांगतील. एक गोष्ट लक्षात ठेव, जिल्हा माहिती अधिकारी वेगळा आणि माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज घेणारा जन माहिती अधिकारी वेगळा. मुलाखतीत यावर बरेच जण गडबडतात. हा २००५चा कायदा मूळातून वाच, तो मोठा नाही. सरकारी नोकरीचा विचार असेल तर एमपीएससीच्या जाहिरातींवर नजर ठेव. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संघटना १९५८ पासून आहे, २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन तिच्या १९६८च्या परिषदेवरून आला. तिच्या कार्यक्रमांना जा. भाषणांपेक्षा चहाच्या वेळी जास्त शिकशील.

इंटर्नशिप मिळाली की पहिले दोन महिने बहुधा कात्रणं काढायला लावतील. कंटाळू नकोस. पेपर रोज चाळल्यानं कोणता वार्ताहर शेती लिहितो, कोण आरोग्य, कोणती आवृत्ती कशाला जागा देते हे डोक्यात बसतं, आणि ते पाठ्यपुस्तकात नाही. पण त्या कात्रणांचा हिशेब कसा मांडतात याकडे लक्ष ठेव. अजूनही पट्टीनं बातमीची लांबी-रुंदी मोजून, ‘एवढ्या जागेच्या जाहिरातीला इतके लाख लागले असते’ असा आकडा क्लायंटला दाखवणारे आहेत. २०१०मध्ये बार्सिलोनाला या क्षेत्रातल्या संघटनांनी एकत्र येऊन जाहीर केलं की तो आकडा म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. दूध नासल्याची आमची बातमीही चांगली मोठी आली होती. पट्टीनं मोजली असती तर महिन्याभरातली सगळ्यात किमती ठरली असती. त्यामुळे कात्रणासोबत स्वतःला विचार की लोकांना काय कळलं, त्यांनी काय केलं. पाटी लावल्यावर दुकानासमोरची वादावादी कमी झाली का? झाली असेल तर किती दिवसांत? तुझ्याकडे हे उत्तर असेल तर ते लिहून ठेव.

पाकिटाबद्दल एकदाच सांगते. पत्रकार परिषदेनंतर वार्ताहरांना पैशाचं पाकीट द्यायची पद्धत काही ठिकाणी आहे, निवडणुकीच्या काळात बातम्यांची ‘पॅकेजं’ विकली गेली आणि प्रेस कौन्सिलनं २०१०मध्ये पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, अहवाल काढला, हे सगळं तुला शिकवतील. तुझ्या हातात कोणी पाकिटांचा गठ्ठा दिला तर तो परत दे. इंटर्न आहेस, तुला ‘नाही’ म्हणणं आत्ता सोपं आहे. पगार सुरू झाला की अवघड होत जातं. जाहिरात द्यायची तर जाहिरात म्हणून द्यावी.

विषय निवडताना जनसंपर्काच्या जोडीला संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र मिळत असेल तर घे, सोपा म्हणून दुसरा घेऊ नकोस. ताळेबंद वाचता आला नाही तर कंपनीचा पीआरओ कायम दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो.

डीएडचं काय, असं मामा परत विचारतील. शिक्षकी पेशा फार चांगला आहे, पण तुझ्या पत्रात शिकवण्याबद्दल एक शब्द नाही आणि पाटीबद्दल सात ओळी आहेत. मामांना एवढंच सांग की ताईंनी तुमचं म्हणणं खोटं ठरवलं नाही, आणि दोन वर्षांनी मी कोणाची हांजी हांजी करते का ते तुम्हीच बघा. नाराज होऊन जाऊ नकोस घरून. ते तुझ्या काळजीनंच बोलतायत.

लॅपटॉप साधा घे. मॅकबुक वगैरे नको, वडिलांना खर्चात पाडू नकोस. शब्द लिहिता आले, इंटरनेट चाललं, बॅटरी पाच-सहा तास टिकली की झालं. सेकंडहँड मिळाला तरी चालेल. त्याऐवजी टायपिंगला वेळ दे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर (भारतीय भाषांसाठीची कळरचना) युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसेल असं, मराठी टाइप करायला शीक, जमलं तर मराठी ३० शब्दांची सरकारी टायपिंगची परीक्षाही दे. डेस्कवर प्रेस नोट फोटो काढून किंवा पीडीएफ करून पाठवली की तिथल्या माणसाला ती पुन्हा टाइप करावी लागते, आणि रात्री आठ वाजता ती कोणी करत नाही. मजकूर साध्या युनिकोडमध्ये, फोटो वेगळा, फोटोत कोण कोण आहे त्यांची नावं डावीकडून, आणि खाली तुझा नंबर, जो उचलला जाईल.

वर्षभरात कधीतरी तुझी एखादी नोट छापून येईल. तेव्हा कात्रणासोबत तू पाठवलेली मूळ नोटही मला पाठव. दोन्ही शेजारी ठेवून काय कापलं गेलं ते बघू.